ज्या पेटीवर रेडिओने ३१ वर्षं बंदी घातली, तिला गायला लावणारे गोविंदराव टेंबे

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एकादशीच्या रात्री मारुतीच्या देवळात डोकावून बघा. सतरंजी अंथरलेली असते, टाळ वाटून झालेले असतात, पखवाजवाला शाईवर बोटं मारून सूर बघत असतो आणि त्याच्या शेजारी एक लाकडी पेटी असते. पेटीवाल्याने डाव्या हाताने भाता ओढून काळी पांढरी पट्टी दाबल्याशिवाय भजनाला सुरुवात होत नाही.

पखवाज म्हटलं की बीडकर लगेच अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंचं नाव घेतील. शंकरबापू आपेगावकरांनी वारकऱ्यांचा पखवाज देशभरातल्या मैफलींत नेला, त्याचा अभिमान जिल्ह्यात आजही आहे. पण शेजारच्या पेटीचं काय? ही पेटी इतकी आपली झाली आहे की ती मुळात आपली नाही, हे सांगूनही पटत नाही.

पेटीचं मूळ गाव आहे पॅरिस. ती मराठी माणसाच्या मैफलीत, नाटकात आणि सिनेमात मानाने बसली, त्यात सगळ्यात मोठा वाटा कोल्हापूरच्या एका माणसाचा आहे. त्या माणसाचं नाव गोविंद सदाशिव टेंबे.

पेटीवादक, संगीतकार, नाटक कंपनीचा मालक, गायक नट, पहिल्या मराठी बोलपटाचा नायक आणि लेखक. एका आयुष्यात एवढं सगळं त्यांनी केलं. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची १५ वर्षं अशी गेली की ज्या वाद्याने त्यांना नाव दिलं, त्या वाद्याला देशाच्या सरकारी रेडिओवर दाराबाहेर उभं केलेलं होतं. हे नेमकं काय प्रकरण होतं, ते नीट समजून घ्यायचं तर आधी पेटी कुठून आली ते बघावं लागेल.

पॅरिसहून निघालेली पेटी

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात धातूच्या पातळ पट्ट्यांवर हवा सोडून सूर काढणारी वाद्यं बनवायची जणू चढाओढ लागली होती. १८२९ मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियनने अकॉर्डियनचं पेटंट घेतलं. पुढे १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेनने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. दोन्ही वाद्यांचं तत्त्व एकच. भात्याने हवा भरायची, पट्टी दाबली की हवेला वाट मिळते, आत पितळेची जीभ थरथरते आणि सूर निघतो.

फ्रान्समध्ये अकॉर्डियन गळ्यात अडकवून लोक नाचगाण्याच्या गुत्त्यांत गेले. हार्मोनियम मात्र पायाने भाता मारायचं, टेबलासारखं मोठं वाद्य होतं. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबाच्या सामानाबरोबर ते हिंदुस्थानात आलं.

आपल्याकडे अडचण अशी होती की गवई खुर्चीवर बसत नाही. तो बैठक मारतो. १८७५ च्या सुमाराला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून मागच्या बाजूला हाताचा भाता लावला आणि पेटी जमिनीवर आली. एका हाताने हवा, दुसऱ्या हाताने सूर. किंमत आवाक्यातली, उचलून न्यायला सोपी आणि सारंगीसारखं दर वेळी जुळवत बसायची कटकट नाही. कीर्तनकार, तमाशावाले, शाळामास्तर, नाटक कंपन्या, सगळ्यांनी ती उचलली.

मोठ्या गवयांच्या बैठकीत मात्र तिला सहजासहजी जागा मिळाली नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

कोल्हापूर, देवल क्लब आणि कानावर पडलेलं गाणं

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ चा. त्यांचं पोरवय आणि तरुणपण गेलं ते कोल्हापुरात. योग असा की त्याच काळात कोल्हापूर हे गाण्याचं मोठं ठाणं बनत होतं. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले. कुस्ती, नाटक, चित्रकला आणि गाणं, यातल्या कुठल्याही गोष्टीत दम असलेल्या माणसाला त्यांच्या दरबारात जागा होती. जयपूर अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ याच काळात कोल्हापूरला आले आणि दरबारगवई म्हणून राहिले.

दुसरीकडे गावातल्या रसिकांनी चालवलेला देवल क्लब होता. बाहेरगावचा गवई कोल्हापुरात आला की त्याची बैठक तिथे ठरलेली. ऐकणारे जाणकार, त्यामुळे गाणाऱ्यालाही तयारीने बसावं लागायचं.

गोविंदराव घडले ते या वातावरणात. पेटी शिकवणारं घराणं किंवा पेटीचा असा कुणी उस्ताद तेव्हा नव्हताच. सतारीला होता, बीनेला होता, तबल्याला होता. पेटी म्हणजे बाजारातून आणायची आणि आपली आपण वाजवायची गोष्ट. गोविंदरावांनीही तेच केलं. मात्र त्यांच्या कानावर जे गाणं पडत होतं, ते साधं नव्हतं.

त्यांच्या आयुष्यातला खरा वळणाचा माणूस म्हणजे भास्करबुवा बखले. बुवा १८६९ चे, म्हणजे गोविंदरावांपेक्षा १२ वर्षांनी मोठे. फैज महंमदखाँ, आग्र्याचे नत्थनखाँ आणि नंतर अल्लादियाखाँ अशा तीन वेगवेगळ्या वळणांच्या उस्तादांकडे शिकून बुवांनी आपली गायकी उभी केली होती. बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू तेच. गोविंदराव बुवांना गुरू मानत आणि त्यांच्या बैठकींत पेटीची साथ करत.

अशी साथ करणं म्हणजे रोजची शाळाच होती. गवई काय गाणार हे आधी माहीत नसतं. तो सूर लावतो, पुढच्या क्षणी तो बोटांत यावा लागतो, आणि तोही त्याच्या पुढे न धावता.

पेटीत नेमकी अडचण काय होती?

पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीचा सूर कारखान्यातच ठरलेला. गळ्याचं तसं नाही. गवई एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो, त्याला आपण मींड म्हणतो. दरबारी कानड्यात कोमल गंधार हलवत हलवत लावतात, त्याला आंदोलन म्हणतात. तोच कोमल गंधार दुसऱ्या रागात थोडा चढा लागतो. या सगळ्या बारकाव्यांना आपल्याकडे श्रुती हा शब्द आहे.

सारंगीवर हे सगळं निघतं, कारण तारेवर बोट सरकवता येतं. पेटीची पट्टी मात्र एकतर दाबलेली असते किंवा सोडलेली असते. मधली वाट नाही. वर पाश्चात्त्य पद्धतीने सूर लावलेल्या पेटीत काही स्वर भारतीय गाण्याच्या हिशेबाने किंचित खरे नसतात. तानपुऱ्यासमोर बसलेल्या तयार कानाला ते टोचतात.

यावर उपाय शोधायचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी श्रुतींचा अभ्यास करून खास भारतीय स्वरांची हार्मोनियम तयार करण्याचा खटाटोप केला. विचार मोठा होता, पण तशी पेटी वाजवायला अवघड आणि बनवायलाही. ती रुजली नाही.

गोविंदरावांची वाट वेगळी होती. त्यांनी बाजारात मिळणारीच पेटी घेतली आणि बदल केला तो वाजवण्यात. पट्टीवर मींड निघत नसली तरी दोन सुरांच्या मधले कणस्वर हलकेच शिवून जाता येतं. भात्याचा दाब कमी जास्त करून सूर फुगवता येतो, विझवता येतो. जिथे पेटीचा सूर गवयाच्या सुराला टोचेल, तिथे हात आवरता येतो. आणि गवई श्वास घेतो त्या जागेत त्याचंच वाक्य परत म्हणून दाखवता येतं. ऐकणाऱ्याचा कान मग उरलेली मींड स्वतःच भरून घेतो.

हे सगळं करायला बोटांच्या तयारीपेक्षा गाणं कळणं जास्त गरजेचं असतं. गोविंदरावांची पेटी गाते असं लोक म्हणू लागले ते त्यामुळेच. साथीपुरती असलेली पेटी एकट्याने मैफलीत वाजवायची, तिच्यावर राग, ठुमरी, नाट्यपद मांडायचं, ही पद्धत महाराष्ट्रात ज्यांनी रुजवली त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. उत्तरेत हेच काम ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले भय्या गणपतराव ठुमरीच्या अंगाने करत होते.

१२ मार्च १९११

आता गोष्ट नाटकाकडे वळते.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. पण त्या नाटकांतल्या पदांच्या चाली बऱ्याचशा साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि लावणीच्या चाली, कर्नाटकी चाली अशा होत्या. नाटककार पद लिहितानाच ओळखीची चाल मनात धरायचा. चाल देणारा वेगळा माणूस असावा, असं कुणाला फारसं वाटत नव्हतं.

१९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नवं नाटक घेतलं. खाडिलकर म्हणजे टिळकांच्या केसरीतले. त्यांच्या कीचकवधावर सरकारने आदल्याच वर्षी बंदी घातली होती. संगीत नाटक ते पहिल्यांदाच लिहीत होते. नाटकाचं नाव मानापमान. पदं पन्नासाच्या घरात. आणि चाली द्यायचं काम आलं गोविंदराव टेंबे यांच्याकडे. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही पूर्ण केली नव्हती.

त्यांनी केलेली गोष्ट आज साधी वाटेल, तेव्हा ती धाडसाची होती. उत्तर हिंदुस्थानातल्या गायिका बैठकीत ज्या ठुमऱ्या, दादरे आणि कजऱ्या गात, त्यांचा ढंग त्यांनी मराठी पदांत आणला. त्याला रागदारीच्या बंदिशींची जोड दिली. ठुमरीचा नखरा आणि मराठी शब्द यांचं लग्न लावणं सोपं नव्हतं. मराठीत जोडाक्षरं भरपूर, ठुमरीला हवी असते मऊ भाषा. शिवाय खाडिलकरांची भाषा काही मऊ म्हणून प्रसिद्ध नव्हती. तरीही चाली अशा बसल्या की पद म्हटलं की तीच चाल आठवते.

पहिला प्रयोग ठरला १२ मार्च १९११ ला मुंबईत. भामिनीच्या भूमिकेत २२ वर्षांचे बालगंधर्व, धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. आणि त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचं निधन झालं. प्रयोग रद्द होणार असं सगळ्यांना वाटलं. बालगंधर्वांनी प्रयोग केला.

त्या रात्रीची ही हकिकत मराठी रंगभूमीवर पुन्हा पुन्हा सांगितली जाते. बापाचं दुःख बाजूला ठेवून तो नट रंगमंचावर उभा राहिला आणि टेंब्यांच्या नव्या चाली लोकांनी पहिल्यांदा ऐकल्या त्या त्याच्या तोंडून.

मानापमान तुफान चाललं. मराठी नाट्यसंगीत म्हणून आज जे ओळखलं जातं, रागाचा पाया, ठुमरीचा रंग आणि गायकाला आलाप तानेसाठी मोकळी जागा, त्याचा साचा इथे तयार झाला. पुढे १९१६ च्या स्वयंवरला भास्करबुवांनी चाली दिल्या आणि तो साचा आणखी पक्का झाला. नाटक लिहिणारा एक आणि संगीत देणारा दुसरा, ही रीतही मानापमाननंतर रुळली.

गंधर्व मंडळी आणि स्वतःची कंपनी

मानापमाननंतर काही महिन्यांतच, १९११ मध्येच, नानासाहेब जोगळेकर गेले. किर्लोस्कर मंडळीचा मोठा आधार तुटला. गोविंदराव आतापर्यंत पेटीच्या मागे बसत होते, ते आता तोंडाला रंग लावून पुढे आले. देखणा चेहरा, गाता गळा आणि भास्करबुवांच्या सहवासात घडलेला कान एवढं भांडवल त्यांच्याकडे होतं.

पण मंडळीत कुरबुरी वाढत गेल्या. शेवटी जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघं बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मराठी रंगभूमीवरच्या सगळ्यात वैभवशाली कंपनीच्या तीन संस्थापक मालकांपैकी गोविंदराव एक, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या लक्षात नसते.

तिथेही ते फार काळ रमले नाहीत. काही काळाने ते बाहेर पडले आणि शिवराज संगीत मंडळी ही स्वतःची कंपनी त्यांनी चालवली. नाटक कंपनी चालवणं म्हणजे पन्नास शंभर माणसांचा संसार पाठीवर घेऊन गावोगाव फिरणं. पडदे, कपडे, बिऱ्हाड, जेवणावळ, थिएटरचं भाडं आणि पावसाने बुडालेला प्रयोग, सगळं मालकाच्या डोक्यावर. या काळात ते नट होते, संगीतकार होते, मालक होते आणि नाटककारही झाले. पटवर्धन, वरवंचना ही नाटकं त्यांनी लिहिली. शिवराज मंडळीला गंधर्व मंडळीसारखं वैभव मिळालं नाही. काही वर्षं चालून ती बंद झाली.

मधल्या काळात त्यांच्या जुन्या चालींनी मात्र एक इतिहास घडवला. लोकमान्य टिळक १९२० मध्ये गेले आणि त्यांच्या नावाने एक कोटीचा स्वराज्य फंड उभा करायचं ठरलं. त्यासाठी ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमानचा प्रयोग झाला. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन गायक नट एका रंगमंचावर. तिकिटासाठी लोक वेडे झाले होते.

त्या रात्री कोण सरस ठरलं यावर मराठी माणूस नंतर कित्येक वर्षं वाद घालत होता. दोघांच्या गळ्यातून निघणाऱ्या चाली मात्र एकाच माणसाच्या होत्या, आणि तो माणूस दोन्ही कंपन्यांच्या बाहेर होता. पुढे तीन महिन्यांतच केशवरावांचं निधन झालं, त्यामुळे तो प्रयोग आणखीच दंतकथा होऊन बसला.

पन्नाशीत सिनेमाचा हिरो

१४ मार्च १९३१ ला आलम आरा लागला आणि सिनेमा बोलू लागला. त्याचा सगळ्यात मोठा फटका नाटक कंपन्यांना बसला. पण ज्यांना गाता येत होतं, त्यांच्यासाठी नवीन दार उघडलं.

कोल्हापुरात १९२९ मध्ये व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली होती. त्यांनी पहिला बोलपट करायला घेतला तो राजा हरिश्चंद्राचा. मराठीत अयोध्येचा राजा, हिंदीत अयोध्या का राजा. तारामती होत्या दुर्गा खोटे. चांगल्या घरातल्या बाईने सिनेमात काम करणं म्हणजे त्या काळात गावभर चर्चा. आणि हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. वय ५०. संगीतही त्यांचंच.

तेव्हा पार्श्वगायन नावाचा प्रकार नव्हता, तो हिंदुस्थानात आला १९३५ मध्ये. त्यामुळे नटाला कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता खरंच गावं लागायचं. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसायचे. गाताना सूर हलला किंवा वादकाचा हात चुकला की सगळं पहिल्यापासून. नाटकात रोज रात्री न थांबता गाणाऱ्या माणसाला हे जमू शकत होतं, आणि तिथेच गोविंदरावांचा अनुभव कामी आला.

फेब्रुवारी १९३२ मध्ये अयोध्येचा राजा मुंबईत लागला. तो पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जातो. म्हणजे मराठी पडद्यावरचा पहिला बोलणारा आणि गाणारा नायक हा मूळचा पेटीवाला होता.

त्याच वर्षी मायामच्छिंद्रमध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले. गोरखाच्या भूमिकेत मास्टर विनायक होते. अग्निकंकण, सिंहगड आणि सैरंध्री या प्रभातच्या चित्रपटांनाही त्यांचंच संगीत. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि तिथे केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव यांच्याकडे संगीताची सूत्रं आली. यातले कृष्णराव भास्करबुवांचेच शिष्य, म्हणजे एका अर्थाने घरातल्याच माणसाकडे काम गेलं.

हातात पेटीऐवजी लेखणी

साठीकडे झुकताना गोविंदरावांनी आणखी एक काम केलं, आणि संगीताच्या अभ्यासकांना आज ते सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी आपण ऐकलेलं गाणं लिहून ठेवलं.

१९३९ मध्ये माझा संगीत व्यासंग आलं, १९४८ मध्ये माझा जीवनविहार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे मोठे गवई होऊन गेले, त्यांच्यापैकी अनेकांचं ध्वनिमुद्रण एकतर झालंच नाही किंवा झालं तेही तीन चार मिनिटांच्या तबकडीपुरतं. भास्करबुवा १९२२ मध्ये गेले. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते, तरी त्यांचं गाणं तबकडीवर नाही. हे लोक गायचे कसे, बैठक कशी उभी करायचे, त्यांचा स्वभाव कसा होता, हे जाणून घ्यायचं तर ज्याने शेजारी बसून ऐकलं त्याच्याकडेच जावं लागतं. गोविंदराव नेमके त्या जागी बसलेले होते.

साथीदाराची जागा अशीच असते. गवयाला स्वतःचं गाणं पूर्ण ऐकू येत नाही आणि श्रोता लांब असतो. पेटीवाला हातभर अंतरावर, प्रत्येक सूर बोटांनी पकडत बसलेला असतो. गोविंदरावांच्या लेखनाला वजन आलं ते त्या हातभर अंतरामुळे. १९५४ मध्ये त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र लिहिलं. महाश्वेता, जयदेव यांसारख्या संगीतिकाही त्यांनी रचल्या.

रेडिओने पेटीला बाहेर काढलं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

१९३० च्या दशकात ऑल इंडिया रेडिओ उभा राहत होता. रेडिओवर कुठलं संगीत वाजवायचं, हे ठरवताना पेटीचा विषय निघाला. रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागात जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार होते. त्यांनी १९३८ मध्ये पेटीच्या विरोधात लेख लिहिला. मुद्दे तेच, ठरलेले बारा सूर, मींड नाही, श्रुती नाही. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी आवडत नव्हती. ती परक्यांची आणि आपल्या गाण्याचं नुकसान करणारी, असं म्हणणारा मोठा वर्ग राष्ट्रीय चळवळीतही होता.

मजेची गोष्ट बघा. इंग्रज संगीतकाराला पेटी भारतीय गाण्यासाठी नको होती आणि इंग्रजांशी लढणाऱ्यांनाही ती नको होती. या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली.

रेडिओवर बंद म्हणजे नुसती एका ठिकाणी बंद नव्हे. राजे रजवाडे संपत आले होते, नाटक कंपन्या मोडल्या होत्या. कलाकाराला महिन्याचा पगार देणारी आणि गावोगाव नाव पोचवणारी सगळ्यात मोठी संस्था आता रेडिओ होती. सारंगीवाल्याला तिथे नोकरी होती, पेटीवाल्याला नव्हती. स्वातंत्र्य आलं तरी बंदी गेली नाही. १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण केसकर, म्हणजे मराठी माणूस. पण शास्त्रीय संगीताच्या शुद्धतेबद्दल ते इतके कडक होते की त्यांनी रेडिओवरून सिनेमाची गाणीही जवळपास हद्दपार केली. त्यांच्या काळात पेटी परत यायचा प्रश्नच नव्हता.

बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं सगळं चूक होतं का? तसंही नाही. पेटीवर मींड येत नाही हे खरंच आहे, आणि ती सोपी असल्यामुळे कुणीही उठून वाजवतो आणि गाणाऱ्याचा कान बिघडतो, हेही खरं आहे. पण हे सगळं माहीत असूनही भास्करबुवांसारख्या गवयाने आपल्या शेजारी पेटी घेतली होती, कारण ती वाजवणारा हात कुणाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. नियम करणाऱ्यांनी वाद्य तपासलं आणि वाजवणाऱ्याचा विचार सोडून दिला.

९ ऑक्टोबर १९५५ ला गोविंदराव टेंबे गेले. वय ७४. त्या दिवशीही पेटीवरची बंदी कायम होती. ती उठायला १९७१ साल उजाडलं, आणि तेव्हाही काही अटी घालूनच.

बंदी असूनही पेटी गेली नाही

या ३१ वर्षांत खरं तर पेटी संपायला हवी होती. झालं उलटंच. रेडिओच्या बाहेर ती वाढत राहिली. मैफलीत सारंगीची जागा हळूहळू पेटीने घेतली. पी. मधुकर यांनी ती एकट्याने वाजवून लोकांना वेड लावलं. जालन्याकडचे आप्पा जळगावकर मोठमोठ्या गवयांच्या शेजारी बसले आणि मराठवाड्याचं नाव त्यांनी देशभर नेलं. तुळशीदास बोरकर गोव्याच्या मातीतून आले. पु. ल. देशपांडे लेखक म्हणून घराघरांत पोचले, पण पेटी समोर आली की त्यांचा हात आपोआप तिच्यावर जायचा.

या सगळ्यांच्या आधी ही वाट कुणीतरी पाडायला लागणार होती. पेटी म्हणजे गाणं न येणाऱ्याचं वाद्य, या समजाला पहिला मोठा तडा दिला तो गोविंदरावांनी. त्यांनी पेटीसाठी वेगळं शास्त्र उभं केलं नाही. मोठ्या गवयांचं गाणं ऐकलं, ते बोटांत आणलं आणि मग तेच नाटकात, सिनेमात आणि पुस्तकांत उतरवलं.

त्यांच्या पेटीवादनाबद्दल आजच्या पिढीला जे कळतं, ते बहुतेक ऐकीव आणि वाचीव आहे. चाली मात्र जिवंत आहेत. मानापमानचा पहिला प्रयोग होऊन शंभर वर्षं कधीच उलटली, तरी नाट्यगीतांच्या स्पर्धेत कुणीतरी पोरगं उठून भामिनीचं पद म्हणतंच, आणि त्याला साथ असते ती पेटीची.

तेव्हा पुढच्या एकादशीला गावातल्या देवळात भजन ऐकायला बसलात की एकदा पेटीवाल्याच्या हाताकडे बघा. गाणाऱ्या बुवांनी सूर वर नेला की तो त्यांच्या मागून कसा जातो, बुवा थांबले की मधली जागा कशी भरतो आणि जिथे आपला सूर नडेल तिथे हात कसा मागे घेतो. भजनी मंडळातल्या कुणाला टेंबे हे नाव माहीत असेलच असं नाही. पण साथीची ती रीत गोविंदरावांच्या पिढीने घालून दिलेली आहे.